भाऊबीजेची तीन पोती

कोल्हापूर
७ नोव्हेंबर २०२४

आक्का,

नमस्कार. वाकलो की कंबर धरते, तरी वाकूनच केलाय असं समज.

काल सुखरूप पोचलो. तुझ्याकडे येताना तुझ्या पृथ्वीराजच्या दुधाच्या गाडीत पोत्यांशेजारी ऐटीत बसून आलो होतो, परतताना मलकापूरपासून एसटीत उभा. साठी उलटलेल्या मास्तराला जागा द्यायची पद्धत आता राहिली नाही.

भाऊबीजेला लोक बहिणीला साडी घालतात आणि मी ओवाळणीत तीन पोती खत घातलं, म्हणून तुझ्या गल्लीत हसू पिकलं ते मला कळलंय. तुझ्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, "पोती मागच्या दारी ठेवलीत." तू म्हणालीस, "काय?" आणि उत्तर आलं पलीकडच्या परड्यातून. तानाबाई ओरडली, "ऱ्हाऊ देत की पावणं, आमी काय न्हेत न्हाय!" तुझ्या कानात काही सांगायचं म्हणजे गावात दवंडी पिटणं. म्हणून तर बाई मी पत्रं लिहितो. मोबाईल तुझ्या कानाला लावून उपयोग नाही, आणि सातवीपर्यंतच शिकलीस तरी तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

आता खताचं सांगतो, ते पूर्णिमाला वाचून दाखव. बचत गटाच्या पंधरा घरांची मिरची-वांग्याची रोपं यंदा तुझी सून करणार, म्हणूनच ही ओवाळणी. हे बाजारचं खत नव्हे. कुंपणाची मेंदी, जास्वंदीच्या फांद्या, अंगणातल्या हिरवळीचं गवत, वाळका पाला, सगळं कुट्टी मशीनमधून काढलेलं. तू विचारलंस, म्हशीला घालायची कुट्टी तू खड्ड्याला कशाला घालतोस? अगं, अख्खी फांदी कुजायला वर्ष लावते. तीच बोटाच्या पेराएवढी केली की तिचा लवकर भुगा होतो. एक थर हिरवा, दोन थर वाळके, वर शेणकाला आणि गूळपाणी. चौथ्या दिवशी ढिगात हात घातला तर चटका बसतो. एरवी मी तीन महिने ठेवतो. यंदा खास भाऊबीजेसाठी दर पाच दिवसांनी पालटून पस्तीस दिवसांत उतरवलं.

माझ्या फाटकावर "विषमुक्त अंगण" अशी पाटी आहे ती उगाच नाही. दर रविवारी दहा-बारा माणसं शिकायला येतात, मला कंपोस्ट सर म्हणतात. एक थेंब औषध नाही त्या खतात. डोळे झाकून वापरा.

तुझा
अण्णासो


२० डिसेंबर २०२४

अण्णा,

औक्षवंत हो.

तुझं पत्र आलं तेव्हा हसले होते. आता हसू येत नाही म्हणून लिहिते.

पूर्णिमानं तुझं खत रव्यासारखं चाळून दोन वाफे केले. उगवण देखणी झाली. आपली नात अनुजा सातवीत गेली तरी शाळेतून आली की दप्तर ओसरीवर टाकून आधी वाफ्याकडं पळायची. डिसेंबर लागला आणि रोपांना काय झालं कळेना. पानं आत वळली, शेंडे पिळले. कुणी चिमटीत धरून मुरगळावं तसं झालंय. मिरचीवरचा बोकड्या रोग म्हणावा तर तो इथं चार, तिथं चार झाडांवर येतो. इथं दोन्ही वाफे एकजात गेले, मिरचीसकट वांगीसुद्धा.

त्यातच आम्ही साऱ्याजणी एका रविवारी जोतिबाला गेलो होतो. पूर्णिमा आली नाही. का आली नाही ते बायकांना सांगावं लागत नाही. आम्ही डोंगरावर असताना तिनं वाफ्यातली दाट रोपं विरळ केली. आठ दिवसांनी हे झालं. तानाबाई वाफ्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "अडचणीतल्या बाईनं हात लावला की रोप करपतंय. ह्ये काय आज हाय व्हय?"

त्याच पुडीतलं बी क्रांतीनं नेलं होतं. ती बौद्धवाडीतली, पूर्णिमाच्याच गटात आहे, नेहमी येते-जाते. तिनं ते आपल्या घरच्या शेणखतात टाकलं. तिची रोपं वीतभर झाली, टवटवीत. बी एक, विहीर एक, मग फरक हाताचाच, असं आता सगळ्याच म्हणतात.

पंधरा वर्षांपूर्वी पूर्णिमा लग्न होऊन आली, तेव्हा तू ह्या ओसरीवर बसून मला सांगितलंस की आक्का, बाईला महिन्याचं बाजूला बसवणं बंद कर, त्यात काही तथ्य नाही. मी केलं. गल्लीत पहिलं आपलं घर. तेव्हापासून लोक वाट बघत होते की काय कोण जाणे.

मी अजून कुणाला काही बोलले नाही. तू सायन्सचा मास्तर. तू लिहिशील ते मी गल्लीला वाचून दाखवीन. हे कशानं झालं?

आक्काताई


कोल्हापूर
२७ डिसेंबर २०२४

आक्का,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं.

असं आहे की रोपं पिळण्याची कारणं अनेक असतात. पांढरी माशी असेल. यंदा थंडी एकदम पडली, तेही असू शकेल. कधी कधी बियाण्यातच दोष असतो. न बघता इथून नक्की सांगणं कठीण. कडुलिंबाच्या पाल्याचा अर्क फवारून बघा, कदाचित फरक पडेल. पाळीचा आणि रोपाचा संबंध नसतो हे मी पूर्वी सांगितलंच आहे.

आणखी एक. पोत्यांत खत उरलं असेल तर ते रोपांना वापरू नका. खत जुनं झालं की त्याचा जोर जातो. उसाला टाकून द्या.

इकडे वर्गाची गडबड आहे. संक्रांतीला यायचं जमेल असं वाटत नाही.

अण्णासो


८ जानेवारी २०२५

अण्णा,

एवढं त्रोटक पत्र तू मला आजवर लिहिलं नव्हतंस. तब्येत बरी आहे ना?

कबूल केल्याप्रमाणं मी ते नळावर बायकांना वाचून दाखवलं. वाचताना माझ्याच लक्षात यायला लागलं की ह्यात धरायला काही नाही. तानाबाई म्हणाली, "आक्काताई, असंल, आसू शकंल, कदाचित. ह्येला उत्तर म्हंत्यात व्हय? मास्तरांस्नीच ठावं न्हाय, मग आमचं काय चुकलं?" मी पत्राची घडी घातली. क्रांती तेवढी म्हणाली की खत वेगळं होतं, ते बघा की आधी. त्यावर मीच तिच्या अंगावर गेले. म्हटलं, माझ्या भावानं भाऊबीजेला घातलेलं आहे ते, त्याला नाव ठेवू नको. ती घागर उचलून गेली.

खत जुनं झालं की मुरतं, सोन्यासारखं होतं, असं तूच सांगायचास. आता म्हणतोस जोर जातो. असो, तुझं तुला माहीत. उरलेलं अर्धं पोतं उसाच्या बांधाला टाकायला सांगितलंय.

गटानं रोपांचं काम पूर्णिमाकडून काढून तानाबाईकडं दिलं. पूर्णिमा बैठकीला गेली होती, परत येऊन चुलीपुढं बसली. नवरा असून पृथ्वीराज काही बोलत नाही, त्याचं तोंड दुधाच्या किटल्यांपुढंच उघडतं.

आणि ह्या महिन्यात तिची पाळी आली, तेव्हा मी तिला बाजूला बसवलं. बस म्हणाले नाही. फक्त गोधडी नेऊन पडवीत टाकली. ती बघत होती. उठली आणि जाऊन बसली. पंधरा वर्षांनी.

तू नक्की काही सांगितलं असतंस तर मी लोकांपुढं उभी राहिले असते. राग मानू नको, पण मला ह्या वेळी तुझा आधार झाला नाही.

आक्काताई


१७ जानेवारी २०२५

मामा,

नमस्कार. हे पत्र मी लिहिलंय ते आत्यांना माहीत नाही. फोन केला असता, पण रेंज माळावरच येते आणि माळावर उभं राहून हे बोलता येण्यासारखं नाही.

उरलेलं खत बांधावर जायच्या आधी मी त्यातलं थोडं काढून ठेवलं होतं. तेलाचे चार डबे घेतले. दोनांत तुमचं खत, दोनांत क्रांतीचं. चारींत चवळी टाकली. बी एक, पाणी एक आणि ह्या वेळी हातही एकच, माझा. क्रांतीच्या खतातली चवळी सरळ वर आली. तुमच्या खतातली आठव्या दिवशी पिळली, मिरचीसारखीच. डबे गोठ्याच्या मागं ठेवलेत.

हे क्रांतीला आणि मला ठाऊक आहे, आणखी कुणाला नाही. आत्यांना सांगितलं नाही. त्या कुणापुढंही भावाचं नाव घेताना आधी पदर सावरतात. त्यांना हे सोसणार नाही असं वाटलं. माझं काय, चार दिवस पडवीत बसायचं, तेवढाच कामाला आराम.

पण मामा, अनुजाची पाळी आज ना उद्या येईल. परवा तिनं मला विचारलं, "आई, मी बी हितंच बसायचं?" मी तिला उत्तर दिलं नाही. ते तुम्ही द्यावं असं मला वाटतं. खतात काय होतं ते तुम्हालाच ठाऊक असणार.

पूर्णिमा


कोल्हापूर
२२ जानेवारी २०२५

चि. पूर्णिमा,

तू फार समंजस आहेस. आक्काला सांगितलं नाहीस ते बरं केलंस, ह्या वयात तिला त्रास नको. खताचं काय झालं ते मी बघतोच आहे. काही गोष्टी सावकाश सांगितलेल्या बऱ्या.

पृथ्वीराज आज इकडे आला होता. त्याच्याबरोबर नर्सरीतून सहाशे रोपं पाठवतोय, मिरची आणि वांगी. गटाचं अडायला नको. रोपं मिळाली की विषय आपोआप मिटेल.

अनुजाला आशीर्वाद.

अण्णासो


१९ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुझी रोपं पोचली त्याला महिना होत आला, मीच लिहायचा आळस केला. आळस म्हणजे काय, लिहावंसं वाटलं नाही.

रोपं गटात गेली आणि तानाबाईच्या देखरेखीखाली लागली. पंधराच्या पंधरा परसांत झाडं तरारलीत. फुलं धरलीत. तू गटाची अडचण दूर केलीस, तुझं सगळ्याजणी नाव काढतात. आणि म्हणतात, बघा, हात बदलला आणि रोपं जगली. ह्याच्याहून पुरावा काय पाहिजे? आता तर गल्लीतल्या आणखी दोन घरांनी सुनांना पुन्हा बाजूला बसवायला सुरुवात केली. दोन्ही सासवांनी मला दारात गाठून सांगितलं, आक्काताई, तुमी आदी मोडलं म्हणून आमी मोडलं हुतं, आता तुमीच परत धरलं.

पूर्णिमा ह्या महिन्यातही बसली. मी गोधडी टाकायच्या आधीच तिनं स्वतः नेली. अनुजा तिच्याशेजारी जाऊन अभ्यास करत होती. मी तिला ऊठ म्हणाले, तर ती म्हणाली, "सवय करून घेतीया." बारा वर्षांची पोर. 

तू आता एवढंच सांग. मी पंधरा वर्षांपूर्वी तुझं ऐकलं ते चुकलं का?

आक्काताई


कोल्हापूर
२५ फेब्रुवारी २०२५

आक्का,

तू चुकली नाहीस. चुकलो मी, आणि चुकून थांबलो नाही. हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. पहिली तीन फाडली, कारण प्रत्येकात मी थोडा थोडा बरा दिसत होतो.

तुझी रोपं माझ्या खतानं मेली.

दोन ऑक्टोबरला आमच्या कॉलनीत बागांची पाहणी होणार होती. माझ्या हिरवळीत पावसानं रुंद पानाचं तण माजलं होतं. हातानं उपटायला आठ दिवस लागले असते. फाटकावर "विषमुक्त" लिहिणाऱ्या मी सप्टेंबरात आमच्या गुंडू माळ्याला तणनाशक आणायला लावलं आणि कुणी बघू नये म्हणून भल्या सकाळी फवारून घेतलं. ते औषध गवताला काही करत नाही, फक्त रुंद पानाचं तेवढं पिळून मारतं. मिरची, वांगी, चवळी, सगळी रुंद पानाचीच. आठवड्यानं गवत कापलं. गुंडूनं ते बाजूला ओढलं आणि म्हणाला, "सर, ह्ये कुट्टीत घालू नगासा. औषिद हाय त्यात. त्येचं त्येला कुजू द्या कोपऱ्यात, वरीसभर." मी काय म्हणालो माहीत आहे? म्हणालो, "गुंडू, बत्तीस वर्षं सायन्स शिकवलंय मी." त्यानं माझ्या सांगण्यावरून ते गवत मशीनमध्ये घातलं. मला वाटलं, ढिगाच्या उष्णतेत औषध मरून जाईल. वाटलं म्हणजे, तपासलं नाही. एरवी तीन महिने ठेवतो तेही ठेवलं नाही, कारण भाऊबीजेला मिरवायचं होतं.

आता ह्याहून वाईट ते सांगतो. तुझं डिसेंबरचं पत्र आलं, तेव्हा मला कारण ठाऊक होतं. माझ्या गच्चीवरच्या टोमॅटोच्या कुंड्यांना मी तेच खत घातलं होतं आणि तेही तसेच पिळले होते. रविवारची माणसं यायच्या आत मी ती झाडं उपटली, खत पोत्यात भरलं आणि घंटागाडीत टाकलं. कचरा घंटागाडीत टाकू नका म्हणून लोकांना शिकवणारा मी. गाडीवरची बाई म्हणाली, "सर, तुमी आन् कचरा?" मी म्हणालो, पाहुण्यांचा आहे. ह्या वयात मी तेवढंसुद्धा खोटं बोललो.

त्यानंतर तुला पत्र लिहायला बसलो आणि पांढरी माशी लिहिली, थंडी लिहिली, बियाण्याला दोष दिला. पाळीचा संबंध नाही हे एक वाक्य शेवटी चिकटवलं आणि स्वतःला म्हटलं, सांगितलं की मी. तू लोकांपुढं उभी राहायला माझा शब्द मागत होतीस. मी तुला "कदाचित" दिलं.

पूर्णिमानं मला जानेवारीत पत्र लिहून सगळं दाखवून दिलं. डब्यांत चवळी लावून तिनं जे केलं, ते करायला मी मुलांना शिकवायचो. तुला त्रास होईल म्हणून ती गप्प राहिली, आणि मी तिचं गप्प राहणं उचलून खिशात घातलं. वर तिला समंजस म्हणालो. रोपं पाठवली ती उपकार म्हणून नव्हे, विषय मिटावा म्हणून. तर तीच रोपं तिच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. तुझं पत्र वाचलं आणि त्या दिवशी मला आरशात बघून दाढी करवेना.

फाटकावरची पाटी अजून आहे. काल काढायला म्हणून स्टुलावर चढलो. समोरून वर्गातले एक गृहस्थ आले, म्हणाले, काय सर, पाटीची सफाई? मी फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसली आणि उतरलो.

मला लाज वाटते, आक्का. तुझ्यापुढं वाटते, त्या मुलीपुढं वाटते, आणि अनुजापुढं सगळ्यात जास्त. पूर्णिमाला घरात घे. तिला सांग, मामा चुकला. मात्र एक विनंती आहे. हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. घरातल्या घरात राहू दे. गल्लीत बोभाटा झाला तर मला तुझ्या दारी यायला तोंड उरणार नाही.

तुझा
अण्णा


५ मार्च २०२५

अण्णा,

पत्र चुलीत घातलं नाही. पूर्णिमाच्या हातात दिलं.

तिनं उभ्यानंच वाचलं, घडी घातली आणि मला विचारलं, "आत्या, जेवाय वाढू?" मी म्हणाले, आधी पडवीतली गोधडी आत आण. ती म्हणाली, "टाकली तुमी हुती, आणाय बी तुमीच पायजे." मी जाऊन आणली. गुडघे दुखत होते, पण आणली. अनुजा दारात उभी राहून बघत होती. ते बरं झालं. त्यानंतर आम्ही तिघी जेवलो. पूर्णिमा माझ्याशी अजून कामापुरतं बोलते. तेवढा तिचा हक्क आहे.

तुझ्यावर मी फार चिडले होते. दोन दिवस तुझा फोटो भिंतीकडं फिरवून ठेवला. पुढं तुझंच पत्र पुन्हा वाचलं तेव्हा कळलं की ह्यात माझंही आहे. तू सायन्स शिकून चुकलास. मी तर काहीच न शिकता बरोबर होते. पाळीनं रोप जळत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं रे. पंधरा वर्षं पूर्णिमा त्याच हातांनी त्याच दिवसांत तुळशीला पाणी घालत होती, ती तुळस माझ्या छातीएवढी झाली. समोर दिसत असताना मी गोधडी टाकली. का, तर नळावर मान खाली जायला नको. तुला पाटी जपायची होती, मला माझी मान. एका आईची लेकरं आपण, दुसरं काय.

क्रांतीच्या घरी जाऊन आले. तिला नळावर बोलले होते, ते चुकलं म्हणून सांगितलं. तिनं चहा केला. म्हणाली, "आक्काताई, तुमी माज्यावर चिडला त्येचं न्हाय काय वाटत. पर त्यात पूर्णिमाचं वरीस गेलं." मला चहा गोड लागला नाही.

तानाबाईकडंही गेले. तुझं पत्र नेलं होतं. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं. तर ती हसली आणि म्हणाली, "सुनंला वाचवाय तुमी काय बी वाचशीला. कागदावर काय हाय, कुणाला ठावं? मास्तर असलं करायचं न्हाईत." मी डबे दाखवते म्हणाले, तर म्हणते, डबे काय, पूर्णिमानंच हात लावलेले. बघ, तुझी अब्रू इथं किती पक्की आहे. मी तुला चुकीचा म्हणाले तरी लोक तुझीच बाजू घेतात, आणि त्या बाजूखाली माझी सून चिरडली जाते.

तू लिहितोस, चूक कबूल केली. कुणापुढं केलीस? बहिऱ्या बहिणीपुढं, पाकिटात घालून, डिंक लावून. पूर्णिमाला बोल लागला तो नळावर, पंधरा घरांच्या बायकांसमोर. तो पाकिटात कसा मिटेल? तोंड उरणार नाही म्हणतोस. त्या पोरीला पडवीत बसून दोन महिने तोंड होतंच की. तिनं ते ह्या गल्लीत रोज दाखवलं.

तेव्हा तू ये. येत्या रविवारी ये. तुझा वर्ग बुडेल, बुडू दे. सकाळी साडेसातला नळाला पाणी सोडतात, तेव्हा साऱ्या बायका घागरी घेऊन आपल्या घरापुढच्या त्या नळाशीच असतात. मी अंगणात खुर्ची टाकून बसते. पूर्णिमा शेजारी असेल, अनुजाही. चवळीचे डबे पायरीवर ठेवते.

आता पत्र लिहू नकोस. जे काय आहे ते येऊन माझ्या कानात सांग. उजवा पार गेलाय, डाव्या कानात सांग. आणि एकदा सांगितलेलं मला ऐकू येत नाही, ते तुला ठाऊक आहे.

आक्का